बर्फ करडा का दिसतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिवाळा आला की अमेरिकेतले मराठी वाचक बर्फातल्या घरांची छायाचित्रे पाठवतात आणि आपण ती आवर्जून छापता. बोस्टनच्या आसपासची वसाहतकालीन धाटणीची घरे त्यांत हमखास असतात: मधोमध दार, दोन्हीकडे सारख्या खिडक्या, एकीवर एक चढवलेल्या फळ्यांच्या पांढऱ्या भिंती. घर देखणे, पण बर्फ सिमेंटसारखा करडा. महागडा कॅमेरा घेऊनही हा दोष जात नाही.

कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे असे धरून चालतो. घर पांढरे, अंगणही पांढरे, म्हणजे तो उजेड कमी करणारच. म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (चित्र उजळ-गडद करण्याची कॅमेऱ्यातली सोय) +१ वर न्यावे. लख्ख उन्हात चौकटभर बर्फच असेल तर +१.७ पर्यंत. मग हिस्टोग्राम, म्हणजे चित्रात गडद ते उजळ भाग किती हे दाखवणारा आलेख, पाहावा. आलेख उजवीकडे झुकलेला हवा, पण उजव्या कडेला चिकटलेला नको. तसा चिकटला तर ताज्या बर्फाचा पोत गेला, तो नंतर परत आणता येत नाही. फोनवर बर्फावर बोट टेकवून सूर्याचे चिन्ह थोडे वर सरकवावे.

खरी कसोटी पांढऱ्यावर पांढरे दाखवण्याची. ऊन समोरून पडले की भिंत आणि बर्फ एकजीव होतात. तिरक्या उन्हात मात्र प्रत्येक फळीखाली सावलीची बारीक रेघ उमटते. बोस्टनला डिसेंबरअखेर भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम २४ अंश वर असतो, तेव्हा घराचे तोंड कुठे आहे ते आदल्या दिवशीच पाहून ठेवावे. दक्षिणमुखी घर सूर्योदयानंतर लगेच टिपावे. पूर्वमुखी घराला ऊन दुपारच्या सुमारास घासून जाते. उत्तरमुखी घरावर हिवाळाभर ऊनच येत नाही. ते सूर्यास्तानंतर वीसेक मिनिटांनी, आतले दिवे लावलेले असताना, ट्रायपॉडवरून घ्यावे. निळसर बर्फ आणि पिवळ्या खिडक्या यांचा तो मेळ फार थोडा वेळ टिकतो.

सावल्यांतला निळेपणा पूर्ण पुसू नये. तिथे उजेड आकाशाचा असतो, म्हणून तो खरा आहे. तो पुसायला गेले की उन्हातला बर्फ पिवळा पडतो.

कॅमेरा वर तिरपा केला की भिंती मागे कलल्यासारख्या दिसतात. त्याऐवजी रस्त्यापलीकडे जावे, कॅमेरा समतल धरावा आणि ५० ते ७० मिमीची लेन्स किंवा फोनचे दुप्पट झूम (२x) वापरावे. आधी दुरूनचे फोटो घ्यावेत, मग जवळचे. अंगणात एकदा पाऊल उमटले की ते बुजत नाही. बर्फ पडत असताना फ्लॅश बंद, नाहीतर जवळचे कण पांढरे ठिपके होऊन येतात.

थंडीत बॅटरी लवकर उतरते, दुसरी आतल्या खिशात ठेवावी. घरात शिरण्याआधी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून तास-दीड तास तसाच राहू द्यावा. म्हणजे दव पिशवीवर साचते, लेन्सवर नाही.

आपल्याला एक विनंती. वृत्तपत्राचा कागद मुळातच करडा, त्यामुळे अशा छायाचित्रांतला बर्फ छपाईआधी आणखी काळवंडू देऊ नये. शिवाय छायाचित्राखाली वेळ आणि घराची दिशा एका ओळीत छापावी.

आपला,
एक वाचक