चंद्रीचा मागचा पाय: आप्पांस आभाराचे पत्र

आदरणीय आप्पा,

सादर प्रणाम.

हे पत्र मी चारचौघांसमोर लिहीत आहे याचे आपणांस नवल वाटेल. समोर बसून आभार मानू लागलो की आपण लगेच विषय पाऊसपाण्याकडे वळवता, आणि घरी पाठवले असते तर नातवाने एकदा वाचून दाखवल्यावर ते पंचांगात दुमडून ठेवले गेले असते. शिवाय दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून माझ्यासारखे अनेक हौशी लोक घोडे घेऊन परततात आणि दावणीला बांधल्यावर पुढे काय करायचे हे त्यांना ठाऊक नसते. घोडी कशी सांभाळावी आणि शिकवावी याचे आपण मला दिलेले धडे त्यांच्याही कानी पडावेत, म्हणून हा खटाटोप.

माझी घोडी चंद्री घेताना मी तिच्या अंगावरचे केसांचे भोवरे पाहिले होते. गळ्यावरचा देवमण म्हणजे शुभ मानला जाणारा भोवरा, कपाळावरचा पांढरा टिळा, टोकाशी एकमेकांना भिडणारे काठेवाडी कान, एवढ्यावर मी भाळलो. व्यापाऱ्याने पाच वर्षांची आणि बसायला तयार म्हणून सांगितलेली घोडी मी घरी आणली, तिसऱ्या दिवशी खोगीर आवळून बसलो, आणि क्षणभरात कपाशीच्या पऱ्हाट्यांत पडलो. कोपर सुजले, गावात हसू झाले ते वेगळेच. आपण आलात तेव्हा मला वाटले होते की आपण तिला चार फटके देऊन सरळ कराल. आपण देवमणाकडे पाहिलेसुद्धा नाही, फक्त म्हणालात, "हिचा मागचा उजवा पाय उचलून दाखव." मला तो उचलता आला नाही. मग आपण तिचे ओठ वर करून दात पाहिले. मधले आणि त्यांच्या शेजारचे दात पक्के झाले होते, पण कडेचे अजून दुधाचेच होते; हे कडेचे दात साडेचार वर्षांच्या सुमारास पडतात, म्हणजे घोडी जेमतेम साडेतीन-चार वर्षांची होती. तिला कोणी कधी नीट शिकवलेलेच नव्हते आणि मी तिला हट्टी ठरवून मोकळा झालो होतो.

त्यानंतर आपण गव्हाणीत हात घातलात. गाईंना देतो तीच सरकीची पेंड आणि पशुखाद्य मी घोडीपुढे टाकत होतो, वर भिजवलेले हरभरे पायलीने. घोड्याचे पोट शरीराच्या मानाने लहान असते, त्याला ओकता येत नाही, आणि दिवसाचा बहुतेक वेळ थोडे थोडे चरत राहण्यासाठीच त्याची घडण झालेली असते. एकदम भरलेला खुराक पोटशूळ आणतो, हे आपण मला तिथेच बसवून समजावलेत. वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा, म्हणजे चंद्रीला रोज 6 ते 7 किलो, हा पहिला. दाणा त्यानंतर, तोही तिच्या कामाच्या मापाने. खुराकात कोणताही बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करायचा. आमच्याकडे मक्याचे पीक भरपूर, म्हणून बुरशी लागलेल्या मक्याबद्दल आपण जे बजावलेत ते मी खळ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवले आहे: गाय-म्हैस कदाचित निभावून नेईल, पण घोड्याच्या मेंदूवर त्याचा घाला पडतो. धनुर्वाताची लस मात्र आपण स्वतः होऊन डॉक्टरांवर सोपवलीत. सगळे ज्ञान आपल्याच पदरी असल्याचा आव आपण कधी आणला नाही, हेही मला शिकण्यासारखे वाटले.

मग सुरू झाले ते अडीच महिने, ज्यांत आपण मला तिच्या पाठीवर बसू दिले नाही. खरे सांगतो, मला राग आला होता. घोडी घेतली ती बसण्यासाठी, आणि मी रोज पहाटे तिला खरारा करून दोरीने अंगणात चालवत होतो. तिच्या डाव्या खांद्याशी उभे राहायचे. नाकासमोर आणि शेपटीमागे तिला दिसत नाही, म्हणून तिथून अचानक जायचे नाही. दोरी किंचित ताणायची आणि तिने एक पाऊल टाकले की त्याच क्षणी सैल सोडायची. ही सैल सोडण्याची वेळ साधायला मला तीन आठवडे लागले. ताण कळायला तिला उशीर लागत नव्हता, आप्पा. सोडायला मलाच उशीर होत होता, आणि त्यामुळे तिला बिचारीला आपले काय बरोबर झाले ते कळतच नव्हते. पुढे लांब दोरीवर गोल फिरवणे आले, दोन्ही बाजूंनी सारखे आणि एका वेळी पंधरा-वीस मिनिटांहून अधिक नाही, कारण कोवळ्या सांध्यांना सततचे वळण सोसत नाही. मी एके दिवशी चिडून दोरी झटकली, तेव्हा आपण बाजेवरूनच म्हणालात, "घोडीले घाई नही, तुले कसानी घाई शे?"

खोगीर तिच्या पाठीवर आले ते आधी गोणपाट, मग घोंगडी, मग रिकामे खोगीर, अशा क्रमाने. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, एका दमात न आवळता थोडा आवळून, चार पावले चालवून पुन्हा पाहायचा, कारण पोट फुगवून उभे राहण्याची खोड तिलाही होती.

आणि बसण्याची वेळ आली तेव्हा आपण माझे वजन विचारलेत! डॉक्टरांनी छातीचा घेर आणि अंगाची लांबी मोजून तिचे वजन सुमारे 360 किलो काढले होते. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त भार नको, म्हणजे 72 किलो. मी एकटाच 84. त्यामुळे चंद्रीवर पहिल्यांदा माझा 52 किलोचा पुतण्या बसला, डोक्यावर शिरस्त्राण घालून, रिकिबीत फक्त चवडा ठेवून आणि टाच खाली दाबून, म्हणजे पडलाच तर पाय अडकून फरपटणार नाही. दोरी आपल्या हातात होती, आणि मी कडुनिंबाखाली उभा राहून पाहत होतो. आपण स्वतः आयुष्यभर डोक्याला नुसता पटका बांधून घोडे फिरवलेत, हे पुतण्याने बोलून दाखवलेच. त्यावर आपण नुसते हसलात.

लग्नसराईत तिला नाचायला शिकवली तर किंमत दुप्पट येईल, असे सांगणारे दोघे-तिघे घरी येऊन गेले. काटेरी लगाम आणि पायांवर छडी यांवर बसवलेला तो नाच आपण शिकवणार नाही, हे आपण त्यांच्या तोंडावर सांगितलेत. त्या क्षणी माझ्या मनात थोडा मोह होता, हे आज कबूल करतो.

आपण एक रुपया घेतला नाहीत; घेतलीत ती कळण्याची भाकरी आणि भरीत, तेही घरातून आग्रह झाला म्हणून. आता मे महिन्याच्या उन्हात आम्ही सूर्य वर येण्याआधी तिला फिरवून आणतो आणि पाण्याची टाकी सावलीत भरून ठेवतो. माझे वजन 78 वर आले आहे. खोगीर धरून अजून बरेच बाकी आहे. नालबंद दर सहा-सात आठवड्यांनी येतो. परवा तो आला तेव्हा मी उजव्या बाजूला जाऊन नुसता पाठीवरून हात खाली नेला, आणि चंद्रीने मागचा पाय आपण होऊन उचलून माझ्या हातात दिला. सवड काढून एकदा यावे आणि हे डोळ्यांनी पाहावे, ही विनंती.

आपला ऋणी,
शहादा तालुक्यातील आपला विद्यार्थी