तयार थीमच्या जाचातून आमचे संकेतस्थळ सोडवणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

समुद्रपूर तालुक्यातील आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालक मंडळाच्या वतीने मी हे पत्र लिहीत आहे. मंडळाच्या सभेत आपल्या आभाराचा ठराव झालाच आहे आणि त्याची प्रत आपल्याला मिळेल. परंतु ठरावाच्या चार ओळींत आपण नेमके काय केले ते मावत नाही. शिवाय आमच्यासारख्याच अनेक गटांना, बचत गटांना, गावोगावच्या वाचनालयांना आणि शाळांना सध्या सर्रास एकच सल्ला मिळतो, की ऑनलाइन बाजारातून एक तयार थीम, म्हणजे संकेतस्थळाच्या रूपाचा आयता साचा, विकत घ्या आणि आठवड्याभरात साइट उभी करा. त्यांच्याही वाचनात हे यावे, म्हणून आभार जाहीरपणे मानत आहे. पत्र थोडे लांबले तर सांभाळून घ्यावे.

आमचे जुने संकेतस्थळ ज्या व्यावसायिकाने करून दिले, त्याने परदेशातील एका बाजारपेठेतून वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवणाऱ्या प्रणालीसाठीची शेतीविषयक थीम डॉलरमध्ये विकत घेतली होती. नमुन्याची साइट दाखवली तेव्हा ती डोळ्यांत भरेल अशीच होती. मैलोन्‌मैल पसरलेला गहू, मोठाले ट्रॅक्टर, सरकती चित्रे आणि आपोआप वाढत जाणारे आकडे असा सगळा थाट होता. आपण पहिल्याच बैठकीत जे सांगितले ते तेव्हा कुणी सांगितले नव्हते: नमुन्यातील देखणेपणा बहुतांशी छायाचित्रांचा असतो, आणि ती छायाचित्रे बहुधा थीमच्या किमतीत येतच नाहीत; ती वापरायची तर त्यांचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. छायाचित्रे काढून त्या जागी आमच्या अंगणात वाळत घातलेल्या हळदीचे मोबाइलवर घेतलेले फोटो बसवले, की मागे उरतात त्या रिकाम्या चौकटी, आणि त्या चौकटींच्या मापाचा मजकूर आमच्याकडे कधीच नव्हता. ‘आमचा संघ’ या पानावर तर अध्यक्षांच्या नावाखाली कित्येक महिने एक सोनेरी केसांचा तरुण हसत होता. अध्यक्षांनी ते खेळकरपणे घेतले. गावाने मात्र अजून सोडलेले नाही.

आपण काम हाती घेतल्यावर सर्वांत आधी विचारले, की थीम कुणाच्या खात्यावर खरेदी झाली आहे. हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच सुचला नसता. खरेदी त्या व्यावसायिकाच्या खात्यावर होती, खरेदीचा संकेतांक त्याच्याकडे होता, आणि त्यामुळे थीमची नवी आवृत्ती उतरवून घेण्याचा किंवा निर्मात्याला शंका विचारण्याचा अधिकारही त्याचाच होता. सातबारा दुसऱ्याच्या नावावर आणि मशागत आमची, अशी ती अवस्था होती. थीमफॉरेस्टसारख्या नावाजलेल्या बाजारपेठेतही साधा परवाना एकाच संकेतस्थळापुरता असतो, किमतीत सहा महिन्यांचेच साहाय्य मिळते आणि ते फार तर जादा पैसे भरून बारा महिन्यांपर्यंत वाढवता येते, ही माहिती आपण दिलीत तेव्हा आमच्या लक्षात आले, की आम्ही दुसऱ्या ज्या बाजारातून घेतले तिथल्या अटी कुणी वाचल्याच नव्हत्या. त्या व्यावसायिकाने आमच्या सोयीसाठी केलेले बदलही थेट थीमच्या मूळ फायलींमध्ये केले होते. असे बदल चाइल्ड थीममध्ये, म्हणजे मूळ थीमला जोडलेल्या स्वतंत्र उपथीममध्ये, वेगळे ठेवले नाहीत, तर नवी आवृत्ती चढवताच ते पुसले जातात. म्हणजे अद्ययावत करावे तर आमचे बदल जाणार, आणि करू नये तर साइट जुनाट राहणार.

साइट जुनाट राहिली आणि त्याचा फटकाही बसला. होस्टिंग देणाऱ्यांनी, म्हणजे ज्यांच्या सर्व्हरवर आमची साइट ठेवलेली आहे त्यांनी, तेथील पीएचपी (वर्डप्रेस ज्या संगणकीय भाषेत चालते ती) आठव्या आवृत्तीवर नेली आणि त्याच दिवशी आमचे मुखपृष्ठ कोरे पांढरे झाले. होस्टिंगवाल्यांना यात दोष देता येत नाही, हे आपण आम्हाला समजावून सांगितले: पीएचपी ७.४ या आवृत्तीला मूळ प्रकल्पाकडून मिळणाऱ्या सुरक्षा दुरुस्त्या नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबल्या, तेव्हा कधी तरी पुढे जाणे भागच होते. आमच्या थीमच्या निर्मात्याने मात्र ती थीम विक्रीतूनच काढून घेतली होती. एकटा माणूस किंवा दोन-चार जणांचा चमू अशा थीम बनवतो. खप ओसरला की तो नव्या थीमकडे वळतो, आणि जुन्या थीमवर उभ्या असलेल्या संकेतस्थळांना त्याची कुणी सूचनाही देत नाही.

थीमबरोबर ‘मोफत’ म्हणून आलेल्या प्लगइनांबद्दल (साइटला जादा सोयी देणाऱ्या जोड-प्रोग्रामांबद्दल) आपण सांगितलेली २०१४ सालची हकीकत तर प्रत्येक गटाने ऐकायला हवी. स्लायडर रिव्होल्यूशन या सरकती चित्रे दाखवणाऱ्या अतिशय लोकप्रिय प्लगइनमध्ये त्या वर्षी गंभीर त्रुटी उघड झाली. निर्मात्यांनी ती दुरुस्त केलेली होती, पण हे प्लगइन कितीतरी थीमच्या पोटात आधीच जाऊन बसले होते. ज्यांनी ते स्वतंत्रपणे विकत घेतले नव्हते त्यांना आपोआप नवी आवृत्ती मिळण्याची सोय नव्हती, आणि आपल्या साइटवर असे काही आहे याचा अनेकांना पत्ताही नव्हता. डिसेंबरात सोकसोक नावाने ओळखला गेलेला हल्ला झाला तेव्हा एक लाखाहून अधिक वर्डप्रेस संकेतस्थळांना त्याची बाधा झाल्याचा अंदाज होता आणि गूगलने अकरा हजारांहून अधिक डोमेन काळ्या यादीत टाकले. आमच्या साइटवर काय काय बसवलेले आहे ते आपण एकेक उघडून दाखवले, तेव्हा त्यांतील निम्म्याहून अधिक गोष्टी कशासाठी आहेत हे मंडळात कुणालाही सांगता आले नाही. हॉटेलच्या खोल्यांची नोंदणी घेणारे एक प्लगइनही त्यांत होते. हळदीच्या कंपनीला त्याचा उपयोग काय, हे अजूनही कळलेले नाही.

आता ज्या कामासाठी आपले ऋण विशेष मानावेसे वाटते त्याकडे येतो, आणि ते काम म्हणजे आमच्या मराठीची पडद्यावर झालेली दुर्दशा आपण थांबवली. साइट मराठीत असूनही ती वाचवत का नाही, हे आम्हाला सांगता येत नव्हते. फक्त काही तरी खुपत होते. आपण मुखपृष्ठावरील ‘वायगावची हळद’ हे मोठे शीर्षक लॅपटॉपवर मोठे करून दाखवले. शिरोरेखा अखंड नव्हती. प्रत्येक अक्षरानंतर तुटून तिचे छोटे छोटे तुकडे झाले होते. इंग्रजी अक्षरे ऐसपैस दिसावीत म्हणून थीममध्ये अक्षरांतील अंतर वाढवलेले होते आणि तोच नियम देवनागरीलाही लागू झाला होता. त्याखालच्या दोन ओळींच्या वाक्यात वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर आणि रफारांवर चढले होते, कारण ओळींमधले अंतर ज्या लिपीसाठी ठरवले तिला वर मात्रा नसते आणि खाली उकार नसतो. बटणांची उंचीही ठरलेली असल्यामुळे ‘मागणी नोंदवा’ यातील वेलांटीचा माथाच छाटला गेला होता.

थीमच्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरेच नव्हती. त्यामुळे ज्याच्या हाती जो मोबाइल असेल त्यातला फॉन्ट त्याला दिसे, आणि एकाच ओळीत इंग्रजी आकडे बारीक आणि मराठी शब्द जाड असा विजोड प्रकार होत असे. ‘रीड मोअर’ हे शब्द तर कुठूनच बदलता येत नव्हते, कारण निर्मात्याने ते भाषांतराच्या सोयीविना थेट थीमच्या प्रोग्राममध्ये लिहून ठेवले होते. पानाची भाषाही थीमने इंग्रजी म्हणूनच जाहीर केली होती. याचा परिणाम दृष्टिहीन वाचकावर कसा होतो, हे आपण मोबाइलवर ऐकवले. मजकूर वाचून दाखवणारे साधन आमची मराठी वाक्ये इंग्रजी उच्चारांनी वाचू पाहत होते. भाषा मराठी अशी नोंदवली, की ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ वेगळे दिलेले असतात तिथे तेही आपसूक उमटतात, ही गोष्ट आमच्या गावच्या निवृत्त गुरुजींना इतकी आवडली, की ते आता भेटेल त्याला सांगतात. यात कुणाचा लबाडीचा हेतू होता असे मला वाटत नाही. ज्याने थीम बनवली त्याच्यासमोर देवनागरी लिपी कधी आलीच नसावी. पण मग मराठी संकेतस्थळासाठी ती विकताना किंवा निवडताना कुणी एक परिच्छेद तरी मराठीत टाकून पाहायला हवा होता, एवढे म्हणण्याचा हक्क आम्हाला आहे.

वेगाबद्दल फार लिहीत नाही. मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा अशी गूगलची कसोटी आहे. आमच्या शिवारात एक काडी नेटवर्क असताना आमचे पान उघडेपर्यंत माणूस विहिरीवरची मोटार सुरू करून परत येई.

थीम सोडायची असे ठरल्यावर तिने खरा जाच काय असतो ते दाखवले. पाने थीमसोबत आलेल्या पेज बिल्डरने, म्हणजे पानांची मांडणी करणाऱ्या साधनाने, रचलेली होती. तो बंद करताच मांडणी तर गेलीच, पण हळदीच्या लागवडीचा, शिजवण्याचा आणि पॉलिशचा आमचा सगळा मजकूर चौकटी कंसांतल्या इंग्रजी संकेतांमध्ये अडकून पडला. त्या गुंत्यातून एकेक परिच्छेद आपण हाताने सोडवून बाहेर काढला, तेही बिनचूक आणि जोडाक्षरांसह. हे काम दिसत नाही, त्याचे कौतुकही होत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

नवी रचना करताना आपण थीमला हात लावण्याआधी कागद मागितला आणि साइटवर येणारा माणूस कोण आणि त्याला काय हवे असते, हे आमच्याच महिला सभासदांना विचारले. उत्तर साधे निघाले. व्यापाऱ्याला हळकुंड आणि पावडरीचा भाव, उपलब्ध माल आणि फोन क्रमांक हवा असतो. घरगुती गिऱ्हाइकाला भौगोलिक मानांकनाचा पुरावा आणि पार्सल कसे येईल ते हवे असते. कास्तकाराला बेण्याची माहिती हवी असते. एवढ्यासाठी वर्डप्रेससोबत मोफत येणारी ट्वेंटी ट्वेंटी-फोर ही थीम पुरेशी ठरली. तिची निगा वर्डप्रेसचा प्रकल्पच राखतो आणि मजकूर त्याच्याच ब्लॉक संपादकात राहतो, त्यामुळे उद्या थीम बदलली तरी परिच्छेद जागचे हलणार नाहीत. मुक्ता हा खुल्या परवान्याचा फॉन्ट आपण आमच्याच सर्व्हरवर ठेवला, ओळींतील अंतर वाढवले, सरकती चित्रे काढून टाकली आणि डोमेन, होस्टिंग, ईमेल ही सर्व खाती कंपनीच्या नावे करून घेतली. विकत घेतलेली थीम कधीच घेऊ नये, असे आपण एकदाही म्हटले नाही, हेही नोंदवले पाहिजे. खाते स्वतःचे असेल, अद्ययावत केल्याची अलीकडची तारीख दिसत असेल, सोबत प्लगइनांचा पसारा नसेल आणि मराठी मजकूर टाकून पाहता येत असेल, तर घ्यायला हरकत नाही, असेच आपले म्हणणे होते. फक्त अशी थीम शोधण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात आमची पाने लिहून झाली असती, ही पुस्तीही आपलीच.

संपादनाचे काम आता कार्यालयातील मुलगी पाहते. भाव बदलला की ती स्वतः बदलते, फोटो लहान करूनच चढवते आणि दर महिन्याला बॅकअप उतरवून ठेवते. आपण लिहून दिलेली वही तिच्या टेबलावरच असते.

एक विनंती शिल्लक आहे. आपण मानधन घेण्यास नकार दिलात, तो मंडळाने मान्य केलेला नाही. गावाशी आपले नाते माहेरचे असले, तरी कंपनीचे हिशेब लेखापरीक्षकांसमोर जातात आणि त्यांना प्रत्येक कामाची पावती लागते. तेव्हा कृपया योग्य रकमेचे बिल कंपनीच्या नावे पाठवावे. यंदाची हळद शिजवून वाळत घातली आहे. पॉलिश झाली की घरच्यासाठी हळकुंडे आपल्या वडिलांकडे पोहोचती करतो, त्यांचे बिल आमच्याकडून येणार नाही.

आपला नम्र,
सचिव
(संचालक मंडळाच्या वतीने)