आमच्या गोलीच्या सुभेदारकाकांना

रामबाग, इंदूर

आदरणीय सुभेदारकाका,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुम्हाला आहे, पण चारचौघांत लिहितोय. तोंडावर आभार मानायला गेलो की तुम्ही खाली वाकता आणि पॅडचा एखादा पट्टा आवळायला घेता. गेल्या अडीच वर्षांत असं कितीदा तरी झालं. आता तुमचा नातू तुम्हाला हे वाचून दाखवील. या वेळी शेवटपर्यंत ऐकून घ्या.

इंदूरजवळच्या महूच्या मैदानावरचा तो दिवस तुमच्यासाठी रोजच्यासारखाच असेल. शाळाशाळांचा हॉकीचा सामना, माझी लेक तेरा वर्षांची आणि आमच्यावर सहा गोल झालेले. तिला गोली, म्हणजे गोलकीपर म्हणून उभं केलं होतं ते ती पळण्यात मागे पडते म्हणून. हे तिलाही ठाऊक होतं. सामना संपल्यावर आमच्याच संघातल्या एका मुलीचे वडील तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, गोलमध्ये कुणी नसतं तरी एवढेच झाले असते. ती पोस्टला टेकून बसली आणि हेल्मेट काढेना. मी शेजारी नुसता उभा. बाप असून एक शब्द सुचला नाही.

तुम्ही सायकल कुंपणाला लावून आत आलात. नाव विचारलं नाहीत, समजूत घातली नाहीत. तिच्यासमोर उकिडवे बसलात आणि म्हणालात, "पोरी, सहातले तुझे किती?"

"सगळे," ती आतूनच म्हणाली.

"दोन. तिसरा आणि पाचवा. बाकीचे चार कुणाचे ते सांगतो."

आणि खरोखरच सांगितलेत, ओळीने. पहिल्याला डावीकडची फुलबॅक चेंडूच्या मागे पुढे धावत गेली आणि मागे सगळं मैदान मोकळं पडलं. दुसरा फटका लेकीने पॅडवर घेतला होता, पण परतलेला चेंडू बाहेर काढायला डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, आमची एकही मुलगी नव्हती. चौथ्याला पेनल्टी कॉर्नरवर, म्हणजे फाउलबद्दल समोरच्यांना मिळालेल्या फटक्यावर, धावून जायची मुलगी रेषेवरच थबकली. सहाव्याला समोर दोघी आणि ही एकटी. "तिसऱ्याला तू रेषेला चिकटून राहिलीस. पाचव्याला पाय आधी उचललास, चेंडू खालून गेला. एवढंच तुझं."

तिने हेल्मेट काढलं. डोळे सुजलेले होते. पण विचारलं काय, तर "तिसऱ्याला मी कुठे उभं राहायला हवं होतं?"

काका, मी आयुष्यभर हॉकी पाहत आलो. माझे आजोबा कल्याणमल मिलमध्ये होते. महूचा किशनलाल त्या मिलच्या संघातून खेळायचा, आणि आजोबा आम्हाला त्याच्या उजव्या बगलेवरच्या धावा सांगत ते स्वतःच पळून आल्यासारखे. तोच किशनलाल १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला आपला कप्तान झाला. स्वातंत्र्याला वर्ष पुरं व्हायला तीन दिवस असताना वेम्ब्लीवर ब्रिटनला ४-० असं हरवलं. हे आकडे आमच्या घरात पाढ्यांसारखे पाठ. रूपसिंगचे १९३२ मध्ये अमेरिकेविरुद्ध दहा गोल, त्याच सामन्यात ध्यानचंदचे आठ, एकूण २४-१. पहिल्याच रविवारी तुमच्या ओट्यावर चहा घेताना मी हे सगळं तुम्हाला ऐकवलं होतं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "आणि वेम्ब्लीला आपल्या गोलमध्ये कोण होतं?"

मला सांगता येईना. तुम्हीच म्हणालात, लिओ पिंटो. वर्षानुवर्षं तो ४-० सांगताना मला त्यातला चार तेवढा दिसायचा. शून्य कुणी राखला होता हे कधी मनातच आलं नव्हतं. मारणाऱ्यांची नावं तोंडपाठ, अडवणाऱ्यांची विचारली तर दोनाच्या पुढे जाईनात. आणि माझी मुलगी गोलकीपर होती.

त्याहून अवघड गोष्ट आज लिहून टाकतो. १ डिसेंबर १९८२, दिल्लीचं एशियाड, पाकिस्तानविरुद्धची फायनल. मी दहा वर्षांचा होतो. आमच्या वाड्यात सगळे रेडिओभोवती बसले होते. आपण १-७ असे हरलो आणि मग मीररंजन नेगीला ज्या शिव्या पडल्या त्यांत माझाही आवाज होता. सात गोल झाले म्हणजे गोलकीपरच दोषी, एवढंच आम्हाला कळत होतं. तुमचा "सहातले तुझे किती" हा प्रश्न ऐकला त्या रात्री मला झोप लागली नाही, ती त्या आठवणीने. साताचा असा हिशोब त्या वेळी देशात किती जणांनी मांडला असेल? त्यानंतर सोळा वर्षांनी, १९९८ च्या बँकॉक एशियाडला आपल्या गोलकीपरांना तयार करणारे नेगीच होते. आशिष बल्लाळने कोरियाविरुद्ध पेनल्टी स्ट्रोक अडवले आणि बत्तीस वर्षांनी आशियाई सुवर्ण आलं. २००२ ला मँचेस्टरमध्ये आपल्या मुलींनी राष्ट्रकुलचं सोनं जिंकलं, तेव्हाही ते संघासोबत होते. हे मी लेकीला सांगितलं. माझ्या शिव्यांचंही सांगितलं.

आता सुतळीबद्दल. दुसऱ्या रविवारी तुम्ही किराण्याच्या दुकानातला असतो तसला सुतळीचा बिंडा घेऊन आलात. एक टोक एका पोस्टला बांधलंत, एक दुसऱ्याला, आणि दोन्ही सुतळ्या डीच्या कडेला ठेवलेल्या चेंडूपाशी आणून खुंटीला गाठ मारलीत. जमिनीवर लांबुडका त्रिकोण झाला. लेकीला म्हणालात, रेषेवर उभी राहा. दोन्ही बाजूंना सुतळीपर्यंत हातभर नव्हे, चांगली दीड-दीड मीटर जागा मोकळी. बारा फुटांचा गोल, त्यात तेरा वर्षांची पोर. मग म्हणालात, चार पावलं पुढे ये. ती आली. दोन्ही सुतळ्या तिच्या जवळ आल्या, मोकळी जागा कमी झाली. "आता सांग, कुठून मारेल?" तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि हसली. सहा गोलांनंतर ती पहिल्यांदा हसली ती तिथे.

मग तुम्ही खुंटी उपटून चेंडू हात-दोन हात सरकवायचात, त्रिकोण बदलायचा आणि ती आपली जागा शोधायची. तासभर एक फटका मारला नाहीत. मी कुंपणाशी उभा राहून पाहत होतो आणि मला कळत होतं, की गोलकीपरचं अर्धं काम चेंडू सुटायच्या आधीच झालेलं असतं. इतकी वर्षं मी चेंडूकडे बघत होतो, म्हणून ते काम मला कधी दिसलंच नाही.

शंकर लक्ष्मणचं नाव तुम्ही त्याच मैदानावर काढलंत. महू म्हटलं की आपल्या मराठी माणसाला बाबासाहेबांची जन्मभूमी आठवते, आणि ते योग्यच आहे. पण महूजवळच्या कोदरियाचा, आधी फुटबॉल खेळणारा, १९४७ साली बँडवाला म्हणून फौजेत गेलेला हा माणूस आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीचा होता, हे इंदुरात किती जणांना माहीत आहे? तुम्ही बेळगावला भरती झालात तेव्हा ते अजून वर्दीत होते. त्यांचं नाव घेताना तुमची पाठ आपोआप ताठ होते, हे लेकीने माझ्या आधी हेरलं.

१९५६ मेलबर्न: पाकिस्तानविरुद्ध १-०, आणि अख्ख्या स्पर्धेत आपल्यावर एकही गोल नाही. १९६० रोम: ०-१. १९६४ टोकियो: पुन्हा पाकिस्तान, पुन्हा १-०. तीन ऑलिम्पिक फायनल आणि तिन्हींत मिळून एक गोल. हे तुम्ही मातीवर काडीने लिहून दाखवलंत. त्या काळी हेल्मेट नाही, पायाला वेताच्या कांबींचे आणि कापसाचे पॅड, गवताचं मैदान, चेंडू कुठे उसळेल त्याचा नेम नाही. १९६६ ला बँकॉकला त्यांच्याच कप्तानीखाली आपण आशियाई सुवर्ण जिंकलं. गोलकीपर कप्तान! अर्जुन पुरस्कार मिळाला, पद्मश्री मिळाली, आणि २००६ साली पायाला गँगरीन होऊन ते महूतच गेले. ज्या पायांनी ऑलिम्पिकच्या फायनल राखल्या ते पाय. तुम्ही हे एवढंच सांगून उठलात आणि सुतळी गुंडाळायला लागलात. तिच्याहून मलाच ते जास्त लागलं. तेवीस-चोवीस किलोमीटरवर मी राहत होतो, हॉकीवेडा म्हणवत होतो, आणि ते हयात असताना एकदाही राऊ ओलांडून त्यांच्या पाया पडायला आलो नव्हतो.

पूर्ण किटची किंमत ऐकून मी दुकानातून तसाच परतलो होतो, हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. लेकीने सांगितलं असणार. पुढच्या आठवड्यात तुम्ही कुणा जुन्या खेळाडूकडून निळ्या फोमचे पॅड आणि बुटांवर चढवायचे किकर आणलेत, मोच्याकडून सगळे पट्टे नवे शिवून घेतलेत आणि पैशाचं नाव काढू दिलं नाहीत. उजव्या पॅडच्या आत बॉलपेनने आधीच्या गोलीचं नाव होतं. लेक ते ओल्या फडक्याने पुसायला लागली तर तुम्ही तिचा हात धरलात. "खाली जागा आहे. तिथे तुझं लिही." तिने लिहिलं, आणि आमच्या घरी त्या पॅडना कुणी पाय लागू देत नाही.

४ ऑगस्ट २०२४ चा रविवार आम्ही तुमच्याच घरी काढला. पॅरिस, ऑलिम्पिकचा ब्रिटनविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना. सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड, आणि पुढचा सगळा खेळ दहा जणांनी. काकू देवापाशी जाऊन बसल्या. मी ओरडत होतो. तुम्ही आणि लेक मात्र दोघंही चेंडू सोडून आपल्या गोलकीपरच्या, श्रीजेशच्या पायांकडे बघत होतात. "आला पुढे," तुम्ही म्हणायचात. "आता थांबला," ती म्हणायची. सामना १-१ असा संपला, शूटआउट आलं. आठ सेकंद, समोर एकटा खेळाडू, आणि श्रीजेश लवकर आडवा पडत नाही, उभा राहून समोरच्यालाच ठरवायला लावतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. ४-२ ने जिंकलो तेव्हा तुम्ही चष्मा काढून पुसत बसलात. चार दिवसांनी स्पेनला २-१ हरवून कांस्य घेतलं आणि तो थांबला. त्याचा सोळा नंबर हॉकी इंडियाने निवृत्त केला. माझ्या मते हा गेल्या काही वर्षांतला सगळ्यात योग्य निर्णय.

लेकीची खरी माणसं मात्र सविता आणि बिचू देवी, आपल्या महिला संघाच्या गोलकीपर. २०२१ ला टोकियो ऑलिम्पिकमध्ये मुलींनी ऑस्ट्रेलियाला १-० ने हरवलं त्या सामन्यात गुरजीतचा गोल सगळ्यांना आठवतो, पूर्वी मलाही तेवढाच आठवायचा. आता आम्ही तो सामना लावतो ते ऑस्ट्रेलियाचे पेनल्टी कॉर्नर एकामागून एक सविता कशी परतवते ते पाहायला. २०२५ च्या सप्टेंबरात राजगीरला पुरुषांनी आशिया कप घेतला, कोरियाविरुद्ध ४-१. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात गोल मारणाऱ्यांची नावं होती. लेकीने पेपर माझ्यासमोर ठेवून विचारलं, "बाबा, गोलमध्ये कोण होतं ते कुठे छापलंय?" अगदी तुमच्याच सुरात.

ती आता सोळाव्या वर्षात आहे. अजूनही जिंकते-हरते, गेल्या महिन्यात चार खाल्ले. गाडीत बसल्यावर स्वतःच म्हणाली, "एक माझा." आणि खिडकीतून बाहेर बघत कोणता ते सांगत राहिली, वाटेतलं पिगडंबर येईपर्यंत.

काका, तुम्ही माझ्या मुलीला गोलमध्ये उभं राहायला शिकवलंत आणि मला तिच्याकडे बघायला शिकवलंत. यासाठी तुमचे मनापासून आभार.

या रविवारी सातच्या बसने येतो. छप्पन दुकानचे पोहे आणि काकूंसाठी जीरावन मसाल्याची पुडी आणतोय. डाव्या किकरचा पट्टा पुन्हा उसवलाय, पण तो मी इथेच शिवून घेतलाय, तुम्ही हात लावू नका. सुतळी तेवढी तुमची लागेल. तिला पेनल्टी कॉर्नरचा त्रिकोण पुन्हा एकदा बघायचाय.

आपला,
गोलीचा बाबा