अस्वलाची कार्डं आणि इस्पिक सत्ती

संपादक साहेब, नमस्कार,

नातवाला वाढदिवसाला कुणीतरी संस्कार कार्डांचा डबा दिला. एका कार्डावर हसरं अस्वल आणि खाली 'प्रामाणिकपणा', दुसऱ्यावर ससा आणि 'संयम', असं बरंच काय काय. पोराने दोन दिवस पाठ केलं, तिसऱ्या दिवशी त्याच कार्डांचा बंगला बांधून फुंकर मारली, आणि खरं सांगू, मला तोच त्यांचा योग्य उपयोग वाटला.

मग मी कपाटातला जुना कॅट काढला, चौकट तिर्री हरवलीय म्हणून जोकरवर पेनने लिहिलेला, आणि बदाम सात मांडला. पहिल्याच डावात हा पठ्ठ्या 'पास, पास' करत राहिला, आम्ही सगळे सत्ती पडायची वाट बघत इस्पिकची पानं धरून बसलेलो, आणि शेवटी इस्पिक सत्ती निघाली याच्याच हातात! त्याच्या ताईने घर डोक्यावर घेतलं. मी एवढंच म्हटलं की पान असताना पास म्हणायचं नाही, आणि पुढचा डाव वाटला. दुसरं पान चालत असेल तर सत्ती दाबून ठेव ना, ती हुशारी, पण पान असताना पास म्हणजे लबाडी. पुढच्या वेळी त्याने दोनदा पानं चाळली, तोंड एवढंसं केलं आणि सत्ती खाली टाकली. हातातली पानं कुणाला दिसत नव्हती हो, तरी टाकली.

पाच-तीन-दोनमधे तर आणखी मजा. 30 पानं, तिघांना 10-10, आणि मागच्या डावात तुमचे हात ठरल्यापेक्षा कमी झाले की पुढच्या डावात ज्याचे जास्त झाले तो तुमच्या हातातलं पान न बघता ओढणार आणि स्वतःचं फालतू पान तुम्हाला देणार. ताईचा एक्का गेला, बदल्यात अठ्ठी आली, डोळे भरले, पण दिला तिने. फक्त मोठ्यांनी मुद्दाम हरू नये प्लीज, मुलांना लगेच कळतं आणि खेळाची चव जाते.

शेजारच्या काकू म्हणाल्या, पोरांच्या हातात पत्ते काय देता. अहो पैसे लावले तर जुगार, आम्ही चिंचोकेसुद्धा लावत नाही. आणि सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात, म्हणजे जुन्या पद्धतीच्या पत्त्यांत, तर 10 अवतारांची प्रत्येकी 12 अशी 120 गोल पानं असतात, देवांना चालतं ते आपल्याला का नको? चॅलेंज हा पत्त्यांचा डाव मात्र मी अजून काढलेला नाही, त्यात खोटंच बोलायचं असतं. सून म्हणते खोटं ओळखायलाही शिकू दे की. बघू.

एक विनंती, सुट्टीत मुलांच्या पुरवणीत अशा खेळांचे नियम छापा, सुरुवात पाच-तीन-दोनपासून. अठ्ठीपासून एक्क्यापर्यंत 28 पानं होतात, पण वरच्या दोन सत्त्या कुठल्या घ्यायच्या यावरून आमच्याकडे दोन जावयांचं वाजलंय.

— एक वाचक आजी, सातारा