ठाण्याच्या उपवन तलावाच्या काठी स्वतःचा हात पुढे करणाऱ्या छायाचित्रकारास

आदरणीय महोदय,

आईच्या पंच्याहत्तरीचे छायाचित्र काल चौकटीत बसून घरी आले आणि बाहेरच्या खोलीत, घड्याळाच्या शेजारी लागले. आपले मानधन मी त्याच दिवशी दिले होते, त्यामुळे हिशेब मिटला असे कोणीही म्हणेल. माझ्या मनात मात्र तो मिटलेला नाही, म्हणून हे पत्र. आपले नाव लिहू नये असे आपणच बजावले होते, ते पाळतो.

आपल्याकडे येण्यापूर्वी आम्ही दोनदा पोळलो होतो. पहिल्या गृहस्थांनी तलावपाळीवर ऐन संध्याकाळी कॅमेऱ्यावरचाच फ्लॅश पूर्ण ताकदीने आईच्या तोंडावर चाळीसएक वेळा उडवला आणि प्रत्येक वेळी "आजी, डोळे मिटू नका" असे तिलाच सुनावले. छायाचित्रांत चेहरा चुना फासल्यासारखा आला आणि मागचा मासुंदा तलाव, दिवे, आकाश सगळे काळोखात बुडाले. दुसऱ्यांना फ्लॅशचे नावही सोसत नव्हते. नैसर्गिक प्रकाशाचे त्यांचे प्रवचन मी अर्धा तास ऐकले. त्यांनी उजळ आकाशापुढे आईला उभे केले, काळवंडलेला चेहरा नंतर संगणकावर उजळला आणि त्या भरात आकाश कोऱ्या कागदासारखे पांढरे करून टाकले. दोघांनीही पैसे आगाऊ घेतले होते, हे जाता जाता नोंदवतो.

उपवनला पश्चिमेला येऊरचे डोंगर आहेत. फेब्रुवारीत पंचांगातला सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास असला, तरी सूर्य त्याच्या बराच आधी डोंगराआड जातो. काठावर सावली पसरते आणि वरचे आकाश मात्र लख्ख राहते. आकाश धरावे तर माणूस काळा आणि माणूस धरावा तर आकाश पांढरे, अशी ती वेळ. आपण आधी फ्लॅश बंद ठेवून केवळ आकाशाचे छायाचित्र घेतलेत, ते डोळ्यांना दिसते त्याहून किंचित गडद येईपर्यंत शटर, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड किती वेळ येऊ द्यायचा ते ठरवणारा पडदा, जुळवलेत आणि मगच प्रकाश मऊ करणाऱ्या छत्रीतला फ्लॅश लावलात. माझा गोंधळलेला चेहरा पाहून आपण म्हणालात, "आकाश शटरकडे, चेहरा फ्लॅशकडे. दोघांची कामं वेगळी." कमी ताकदीवरचा फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ चमकतो, त्यामुळे शटर १/२०० सेकंद उघडे असो वा १/५०, चेहऱ्यावरचा त्याचा प्रकाश तेवढाच राहतो, बदलते ते मागचे आकाश. उजेड उतरत गेला तसे आपण शटर सावकाश करत गेलात आणि फ्लॅशला हातही लावला नाहीत. छत्री मात्र वाऱ्याने जरा सरकली तरी आपण तिला जागेवर आणत होतात, कारण अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाईवर येतो. वर्षभर मी या विषयावर जे वाचत होतो, ते त्या अर्ध्या तासात मला कळले.

पण हे पत्र त्यासाठी नाही.

आईच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे आणि तेव्हापासून झगझगीत उजेड तिला सोसत नाही, असे मी ओझरते सांगितले होते. आपण त्यावर काही बोलला नाहीत. फक्त तिला झाडाखालच्या बाकावर बसवून चहा मागवलात आणि जिथे तिचा चेहरा येणार होता, नेमक्या त्या उंचीवर स्वतःचा डावा हात धरलात. सगळ्या चाचण्या त्या हातावर झाल्या. तळहात चेहऱ्याहून उजळ असतो म्हणून आपण हाताची मागची बाजू धरली होती, हेही मला विचारल्यावरच कळले. पहिल्या चाचणीत हात पांढराफटक आणि निळसर दिसला. आपण ताकद उतरवलीत, फ्लॅशवर नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक पट्टी, चिकटवलेत, आणि हाताचा रंग मागच्या सोनेरी आकाशाच्या नात्यातला वाटेपर्यंत थांबला नाहीत. आई चहा संपवून आली तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे फ्लॅश मोजून सहा वेळा चमकला. तिने एकदाही डोळे मिटले नाहीत आणि आपणही तिला तसे एकदाही सांगितले नाहीत.

समोरच्याला त्रास होऊ नये म्हणून आधी तो स्वतः सोसून पाहायचा आणि त्याचा उच्चारही करायचा नाही, ही रीत मी लहानपणी शेजारपाजारी पाहिली होती. दूध ऊन आहे का, ते बाळाला पाजण्याआधी मनगटावर थेंब टाकून पाहणाऱ्या बायका मला त्या संध्याकाळी आठवल्या. आईला आपल्या हाताचे काहीच ठाऊक नव्हते. मी रिक्षात सांगितले, तेव्हा वर्तकनगर येईपर्यंत ती गप्प होती आणि मग म्हणाली, "त्याला जेवायला बोलवायला हवं होतं."

ते आमंत्रण या पत्रासोबत आहेच. आणखी एक विनंती: येऊरच्या डोंगरापुढे नुसता आपला हात दिसतो, ती चाचणीची छायाचित्रे आपण अजून पुसली नसतील, तर त्यांतले शेवटचे, रंग जुळलेले एक मला पाठवावे. आईच्या चौकटीशेजारी भिंतीवर जागा आहे.

आपला कृतज्ञ,
उपवनला आईची पिशवी धरून उभा असलेला तिचा मुलगा