आमच्या चिऊचं रडणं परत आणणाऱ्यांना

चार दिवस शी नाही, मग दूध ओढेना, पापण्या जड, रडणं मांजरीच्या पिलासारखं. इथे कॅलिफोर्नियात त्या रात्री ड्यूटीवर असलेल्या डॉक्टरताईंनी दोन-तीन मिनिटं डोळ्यांवर पुन्हा पुन्हा टॉर्च मारला, बाहुल्या थकताना पाहिल्या, 'इन्फंट बॉट्युलिझम'चा (तान्ह्या बाळाच्या आतड्यात वाढणाऱ्या जिवाणूच्या विषाने स्नायू लुळे पडतात, तो आजार) संशय घेतला आणि थेट राज्याच्या आरोग्य खात्याला फोन लावला. शीचा नमुना मिळवायलाच एनिमा द्यावा लागला. पण रिपोर्टसाठी न थांबता 'बेबीबिग' हे त्या विषावरचं प्रतिपिंडांचं औषध सुरू केलं. रात्रभर श्वास, घसा, मान तपासणाऱ्या नर्सताई, तुमचे आभार. आणि ज्यांच्या प्लाझ्मातून हे औषध बनतं, त्या अनोळखी दात्यांचेही! (या जिवाणूचे बीजाणू मधातून येऊ शकतात, पण आम्ही मध चाटवला नव्हता हो. सासूबाई उगीच स्वतःला बोल लावत होत्या. धुळीतले बीजाणूही पोटात जातात.) काल चिऊनं असं भोकाड पसरलं, की शेजाऱ्यांनी भिंत वाजवली.