जुन्या अंकांतले ‘वर्तमान’

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

‘वर्तमानपत्र’ या शब्दात ‘वर्तमान’ कशासाठी, असे तू मागे विचारले होतेस. सध्या मी एकोणिसाव्या शतकातल्या मराठी वर्तमानपत्रांचे जुने अंकच वाचतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आज वर्तमान म्हटले की आपल्याला भूत आणि भविष्य यांच्या मधला काळ आठवतो. जुन्या अंकांत वर्तमान म्हणजे बातमी, हकीकत. मुंबईचे वर्तमान, विलायतेचे वर्तमान. कुठून वर्तमान ‘आले’, कुठले ‘कळले’. छापखाने येण्याआधीच्या पेशवाई कागदांतही हेच दिसते. आधी क्षेमकुशल, मग ‘विशेष’, आणि त्यापुढे इकडचे वर्तमान. म्हणजे संपादकांना शब्द घडवावा लागला नाही. लोक एकमेकांना लिहिताना जो वापरत होते, तोच त्यांनी छापला. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ हे वर्तमानपत्र सुरू केले, तेव्हा मराठी वाचकाला हा शब्द चांगलाच ओळखीचा होता.

मग बातमी? तीही होतीच, पण तिला दरबाराचा आणि फौजेचा वास होता. बातमी हेर काढत असत; मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात बातमीदार म्हणजे गुप्तपणे माहिती काढून आणणारा. तो पुढे छापखान्यात नोकरीला लागला, हे मला फार गमतीचे वाटते. ‘अखबार’ फारसीच्या वाटेने आला आणि ‘मुंबई अखबार’सारख्या नावात बसला, पण मराठीत बोलण्यात रुळला नाही.

माझे मन खरे अडकले ते ‘पत्र’ या अर्ध्या भागात. त्या काळी संपादक म्हणजे ‘पत्रकर्ते’. वाचक त्यांना ‘रा. रा. केसरीकर्ते यांस’ असा मायना घालून लिहीत. गावात पूल नाही, शाळेत मास्तर नाही, अमक्या ग्रंथात अमकी चूक आहे, असे सगळे त्या मायन्याखाली येई. भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये १८४८ पासून लोकहितवादींनी (गोपाळ हरी देशमुखांनी) लिहिले तेही पत्रांच्या रूपात, ‘शतपत्रे’ हे नाव त्यावरूनच पडले. रूढींवरचे त्यांचे इतके कडक बोल समाजाने ऐकून घेतले, त्यात या पत्ररूपाचा वाटा मोठा होता असे मला वाटते. व्याख्यान परक्याचे असते. पत्र आपल्यालाच लिहिलेले असते.

व्याकरणाने पाहिले तर गंमत आणखी वाढते. वर्तमान आणि वृत्त दोन्ही ‘वृत्’ धातूचे. वर्तमान म्हणजे घडत असलेले, वृत्त म्हणजे घडून गेलेले. ‘दर्पण’च्या काळी विलायतेची हकीकत जहाजाने यायला महिने लागत, तरी ती वर्तमानच. १८७० मध्ये मुंबई समुद्राखालच्या तारेने विलायतेशी जोडली गेली आणि महिन्यांचे अंतर तासांवर आले. आता खरोखर ‘वर्तमान’ म्हणावे असे काही हाती येऊ लागले होते, पण पुढच्या काळात ‘वृत्त’ आणि ‘वृत्तपत्र’ हेच शब्द वर चढत गेले. तारेमुळे तसे झाले असे मी म्हणत नाही. संस्कृत वळणाच्या गद्याची आवड आणि काळ या अर्थाने ‘वर्तमान’चा वाढता वापर, ही कारणे मला अधिक पटतात.

जुना अर्थ एका जागी मात्र अजून ठणठणीत आहे: मराठी ख्रिस्ती लोकांच्या ‘शुभवर्तमाना’त. तिथे वर्तमान म्हणजे आजही बातमीच, आणि ती चांगली. १८४२ मध्ये अहमदनगरला निघालेल्या ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या नियतकालिकाचे जुने अंक मिळाले तर त्या दृष्टीने मला सलग वाचायचे आहेत.

तुझ्याकडे ‘मनोरंजन’ आणि ‘किर्लोस्कर’ या मासिकांचे बांधीव खंड आहेत. सवडीने चाळशील का? बातमीच्या अर्थाने ‘वर्तमान’ कुठे दिसले तर अंकाचा महिना, वर्ष आणि ते पूर्ण वाक्य उतरवून पाठव. ‘पत्रकर्ते’ जाऊन ‘संपादक’ कधी पक्का झाला, तेही जाता जाता पाहा.

घरी सर्वांना नमस्कार. इकडील वर्तमान ठीक.

तुझाच,
जुना मित्र